घरघर थांबली तेव्हा

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की आमच्या औसा तालुक्यात आठ-पंधरा दिवस हवाच वेगळी असते. जिकडं बघाल तिकडं शिवारात मशीन घुमत असतात. बनमीवरची, म्हणजे कापून रचलेल्या सोयाबीनच्या ढिगावरची, ताडपत्री निघते, काड मशीनच्या तोंडात जातं, एका अंगानं दाणे पडतात आणि दुसऱ्या अंगानं गुळीचा फवारा उंच उडतो. राशीवरच्या माणसांच्या भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या सगळं एका रंगाचं होतं. वर्षभराचे कष्ट पोत्यात पडताना बघायला मलाही मनापासून आवडतं. पण त्या दिवसांत माहेरी जाताना माझ्या पिशवीत दोन पंप, दोन मास्क आणि अर्ध्या लिटरची एक रिकामी पाण्याची बाटली असते. बाटलीचं पुढं सांगते.

मला दमा आहे. एवढं तीन शब्दांचं वाक्य सरळ म्हणायला मला बरीच वर्षं लागली. आमच्याकडं ‘जरा दम लागतो’, ‘कफ झालाय’, ‘धुळीची ॲलर्जी आहे’ असं म्हणतात, दमा म्हणत नाहीत. लग्नाच्या पोरीबाबत तर मुळीच नाही.

दम्याची आणि माझी ओळख आवाजातून झाली. आमचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, ओसरीवर बाजेवर झोपायचे. झोपायचे म्हणायचं, पण थंडी सुरू झाली की ते आडवे होतच नसत. बाजेवर पाय खाली सोडून बसायचे, पुढ्यात ज्वारीचं भरलेलं पोतं उभं करून घ्यायचे आणि त्यावर दोन्ही कोपर टेकवून वाकायचे. प्रत्येक श्वासाला खांदे वर उचलले जायचे. गळ्याखालचा खळगा आत ओढला जायचा. श्वास आत घेतानाचा आवाज आखूड असायचा आणि सोडतानाचा लांबच लांब, पिपाणीच्या फाटक्या पानासारखा. आम्ही भावंडं आतल्या खोलीत वाकळेखाली तो आवाज ऐकत झोपी जायचो. आम्हाला त्याची भीती वाटत नसे. आवाज येतोय म्हणजे ओसरीवर आबा आहेत, कुत्रं-मांजर आत येणार नाही, असा धीर वाटायचा.

चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातला तमकश्वास म्हणजे आजच्या दम्याच्या फार जवळचा. आडवं पडलं की त्रास वाढतो, बसलं की बरं वाटतं, गरम हवंहवंसं वाटतं. ढग, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी जोर धरतो, असं तिथं लिहिलंय. मोठेपणी हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पोत्यावर वाकलेले आबाच उभे राहिले. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी असाच एखाद्या दमेकऱ्याच्या उशाशी रात्र रात्र बसून राहिला असणार, त्याशिवाय इतकं नेमकं लिहिता येत नाही.

आबांनी उपाय करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. धोत्र्याची वाळलेली पानं विडीत भरून ओढायचे. त्यानं घटकाभर उतार पडायचा, आणि त्यामागं कारण होतं. धोत्र्यात ॲट्रोपीन असतं, ते आवळलेल्या श्वासनळ्या सैल करतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासकडून ही रीत ब्रिटनला गेली आणि पुढं कितीतरी वर्षं तिकडं दम्यासाठी धोत्र्याच्या सिगारेटी विकल्या जात होत्या. आजच्या नेब्युलायझरमध्ये घालतात ते इप्राट्रोपियम नावाचं औषध त्याच कुळातलं. पण पानात विष किती आणि औषध किती याचं माप नसतं. एकदा आबा दुपारभर भ्रमिष्टासारखं बरळत होते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. आजीनं त्या दिवशी परड्यातलं धोत्र्याचं झाड मुळासकट उपटून टाकलं.

मग हैदराबाद. मृग लागतो त्या दिवशी तिथं मरळ माशाच्या जिवंत पिलाच्या तोंडात औषध भरून ते गिळायला देतात. आबा माळकरी, त्यांनी ते गुळातून घेतलं; शाकाहारी माणसाला तसं देतात. हैदराबाद आम्हाला परकं नव्हतंच. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि आबांच्या पिढीला मुंबईपेक्षा हैदराबादची वाट जास्त पायाखालची. मृगाच्या ऐन पेरणीच्या दिवशी तिफण सोडून गेलेला शेतकरी किती कासावीस झाला असेल, हे शेतकऱ्यालाच कळेल. असे ते तीन वर्षं गेले. त्या औषधानं दमा बरा होतो याला कसलाही पुरावा नाही, आणि आबांचाही झाला नाही.

१९९० चा डिसेंबर. येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा शेतातला सण, दोन दिवसांवर आली होती. घरात उंड्यांसाठी बाजरीचं पीठ दळून आलं होतं, आंबिलाचं बिंदगं घासून ठेवलं होतं. त्या संध्याकाळपासून आबांची घरघर फार वाढली. मी दहा वर्षांची होते. आजी चुलीशी पाणी गरम करत होती आणि वडील आबांची पाठ चोळत होते. मध्यरात्र उलटून गेली असेल. आवाज बारीक होत गेला, मग थांबला. आजी म्हणाली, “लागला बाई एकदाचा डोळा.” तिनं त्यांच्या अंगावर वाकळ टाकली. कंदिलाची वात बारीक केली. सगळं घर इतक्या दिवसांनी शांत झालं आणि सगळे गाढ झोपले. मीसुद्धा.

सकाळी आबा पोत्यावर तसेच वाकलेले होते.

त्या शांततेचा अर्थ मला कळायला सव्वीस वर्षं जावी लागली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. फळ्यावर फुफ्फुसांची आकृती मी शेकडो वेळा काढली असेल. तरीही २०११ साली, एकतिसाव्या वर्षी, मला पहाटे चार वाजता खोकल्याची ढास लागून जाग यायला लागली तेव्हा मी चार महिने काढे घेतले, खोकल्याच्या बाटल्या संपवल्या, देवघरातली उदबत्ती बंद केली, पण तो शब्द मनात येऊ दिला नाही. दिवसा मी ठणठणीत असायची. दिवसा ठणठणीत असणाऱ्या माणसाला दमा कसा असेल, असं वाटायचं.

शेवटी लातूरला छातीच्या डॉक्टरांकडं गेले. बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी एक प्लॅस्टिकची नळी हातात दिली, बाजूला आकडे आणि सरकणारा काटा. पोटभर श्वास घ्यायचा आणि एका दणक्यात फुंकायचं. काटा २२० वर अडकला. माझ्या उंचीच्या आणि वयाच्या बाईचा तो चारशेच्या आसपास जायला हवा होता. मग निळ्या पंपाचे चार झोत दिले, पंधरा मिनिटं बाहेर बाकावर बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. काटा ३१० वर गेला. “बघा, तुमचं फुफ्फुस खराब नाही,” त्या म्हणाल्या. “नळ्या आवळतात आणि सैल होतात. यालाच दमा म्हणतात.” पंधरा मिनिटांत शंभराला दहा कमी एवढा फरक. गेली चार वर्षं मी पोरांना मोजमापाचं महत्त्व शिकवत होते आणि स्वतःचा श्वास कधी मोजला नव्हता.

त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. दम्यात तीन गोष्टी होतात. श्वासनळीभोवतीचे स्नायू आवळतात, नळीच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि चिकट कफ साठतो. आपल्याला जाणवतं ते आवळणं, कारण त्यानं धाप लागते. पण मूळ आहे ती सूज, आणि ती झटका नसतानाही आत असते. ठिबकच्या नळीत क्षार बसत जातात तेव्हा नळी बाहेरून जशीच्या तशीच दिसते, झाडंही काही दिवस हिरवी असतात. संथ वाहणाऱ्या पाण्याचा नियम असा की नळीची त्रिज्या निम्मी झाली तर पाणी निम्मं होत नाही, सोळावा हिस्सा उरतं. म्हणून कालपर्यंत धडधाकट असलेला माणूस आज एकाएकी गुदमरतो. एकाएकी काही झालेलं नसतं. महिनोन् महिने आत गुपचूप काम चाललेलं असतं.

म्हणून पंप दोन. निळा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, पाच मिनिटांत उतार पडतो. दुसऱ्या पंपात सूज उतरवणारं औषध असतं, ते रोज घ्यायचं, बरं असतानाही घ्यायचं, आणि त्याचा गुण लगेच जाणवत नाही. माणसाला कुठला पंप जवळचा वाटणार? मला निळाच वाटला. दुसरा मी काही महिने घ्यायची, बरं वाटलं की बंद करायची. अशी पाच वर्षं गेली.

२०१६ चं साल लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणीतून पिण्याचं पाणी येत होतं. घरोघर घागरी मोजून वापरत होतो. आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी पाऊस असा लागला की मांजरा धरण भरलं. लोक धरण बघायला जत्रेसारखे गेले. पण काढणीला आलेलं सोयाबीन भिजलं. कापून लावलेल्या बनमी आतून तापल्या. दसऱ्यानंतरच्या रविवारी धाकट्या भावानं मशीन बोलावलं आणि मी राशीला गेले. जूनपासून एकदाही दम लागला नव्हता, त्यामुळं रोजचा पंप तेव्हापासूनच बंद होता.

बनीम फोडली तेव्हा आतून कोंदट, बुरसट वास आला. मशीनमधून गुळीबरोबर काळपट धूर निघाल्यासारखी धूळ निघत होती. मी ओढणी नाकातोंडावर बांधून पोती शिवायला बसले. चारच्या सुमाराला खोकला सुरू झाला. सहाला छाती वाजायला लागली. निळा पंप काढला, दाबला, ‘फुस्’ झालं. पुन्हा दाबला, पुन्हा ‘फुस्’. काहीच फरक पडेना. आतलं औषध केव्हाच संपलं होतं आणि नुसता वायू बाहेर येत होता. ज्या पंपावर आकडा नसतो तो असा फसवतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

दम्याच्या झटक्यात हवा कमी पडते असं बाहेरच्याला वाटतं. खरं तर हवा आत कोंडलेली असते. छाती घागरीसारखी गच्च भरलेली असते आणि ती रिकामी करता येत नाही, म्हणून नवा श्वास घ्यायला जागाच नसते. मी भावाला “गाडी काढ” म्हणाले ते दोन शब्द दोन श्वासांत. त्यानं मला छोट्या हत्तीत पुढं बसवलं. रस्ता पावसानं फुटलेला. मी डॅशबोर्डवर दोन्ही हात टेकून वाकले होते. त्याही अवस्थेत माझ्या लक्षात आलं की मी अगदी आबांसारखी बसलेय.

मध्येच कधीतरी घरघर थांबली. भावानं माझ्याकडं बघितलं, त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. “अक्का, बरं वाटायलंय का आता? आवाज थांबलाय की.” मला मान हलवून ‘नाही’ म्हणायचं होतं. मान हलत नव्हती. डोळ्यांपुढं झापड येत होती.

दवाखान्यात बोटाला लावलेल्या यंत्रानं रक्तातला ऑक्सिजन ८६ टक्के दाखवला. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, एकदा, दोनदा, तीन ठिकाणी, आणि सिस्टरला म्हणाले, “चेस्ट सायलेंट आहे, पटकन.” मग ऑक्सिजन, नेब्युलायझर, शिरेतून इंजेक्शन. किती वेळ गेला कुणास ठाऊक. त्यांनी पुन्हा स्टेथोस्कोप लावला आणि या वेळी ते हसले. “आता वाजायला लागली छाती. आता चांगलं.”

घरघर परत आली म्हणून डॉक्टर हसले. आवाज व्हायला हवा वाहावी लागते. अरुंद नळीतून हवा जोरानं जाते तेव्हा शीळ वाजते, आणि नळी जवळपास बंदच झाली की वाजायला काही उरत नाही. झटका चालू असताना घरघर थांबली आणि माणूस आणखी मलूल झाला, तर तो उतार नसतो, ती सगळ्यात वाईट खूण असते. ओठ-नखं निळसर होणं, वाक्य पुरं न करता येणं, गुंगी येणं याही त्याच्याच बहिणी. अशा वेळी सकाळ उजाडायची वाट बघायची नसते. पंप जवळ असेल तर झोत घेत घेत थेट दवाखाना गाठायचा.

त्या रात्री ऑक्सिजनच्या मास्कखाली मला आजीचं वाक्य ऐकू येत होतं. ‘लागला बाई एकदाचा डोळा.’ आजी तेव्हा हयात नव्हती. असती तरी मी तिला हे सांगितलं नसतं. भावाला सांगितलं. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला आणि मग म्हणाला, “म्हंजे आपण सगळे तिथंच होताव.”

होतो. आणि औषधही जगात होतं, हे मला जास्त लागतं. औषध थेट फुफ्फुसात सोडणारा पंप १९५६ साली बाजारात आला. त्याची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते. अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या अध्यक्षांना तेरा वर्षांची दमेकरी मुलगी होती. तेव्हा औषध काचेच्या फुंकणीतून रबरी फुगा दाबून घ्यावं लागायचं. १९५५ साली तिनं बापाला विचारलं, केसांवर मारायचा फवारा डब्यातून येतो, तसं माझं औषध का येत नाही? वर्षभरात आलं. सूज उतरवणारं औषध पंपातून मिळायला लागलं ते १९७२ साली. आबा गेले १९९० मध्ये. मधली अठरा वर्षं ते औषध आमच्या ओसरीपर्यंत पोहोचलं नाही.

आज ते तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळतं, तरी चित्र फारसं वेगळं नाही. २०१९ च्या जागतिक अंदाजांनुसार जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. आपला दमा काही वेगळ्या जातीचा नाही. आपण त्याला फक्त आवाज आल्यावर औषध देतो. त्याच २०१९ साली ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या संस्थेनं मोठ्या माणसांना आणि वयात आलेल्या मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, असं स्पष्ट सांगितलं. वर्षाला तीन किंवा जास्त निळे पंप संपत असतील तर मोठ्या झटक्याचा धोका वाढतो, बारा संपत असतील तर मृत्यूचा. माझ्या ओळखीचे एक आडतीवरचे मुनीम महिन्याला एक संपवायचे आणि “पंप आहे म्हणून जिवंत आहे” म्हणायचे. त्यांना हात धरून डॉक्टरकडं नेलं. आता रोजचा पंप चालू आहे आणि निळा वर्षभर पुरतो.

आईचा मात्र पंपाला फार विरोध होता. “गोळी खा की. पंप लागला की माणूस कामातून गेला, सवय लागती त्याची.” एका दुपारी मी तिच्यासमोर धाकटीची पाटी घेऊन बसले. निळ्या पंपातलं औषध म्हणजे सालब्युटामॉल. त्याची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. ती पोटात जाते, रक्तात मिसळते, सगळ्या अंगभर फिरते, हात थरथरतात, छातीत धडधडतं, आणि त्यातलं थोडंसं नळ्यांपर्यंत पोहोचतं. पंपाचा एक झोत १०० मायक्रोग्रॅमचा. एका गोळीत चाळीस झोत. आईनं पाटीवरचं शून्य बोटानं मोजलं. ती चौथी शिकलेली आहे, पण आयुष्यभर हळद-तिखटाचा आणि मजुरीचा हिशेब तिनंच ठेवला. “मग इतकी वर्षं आबांला आपण गोळ्याच देत होताव की,” एवढंच म्हणाली. परत पंपाला कधी नाव ठेवलं नाही. सवय लागते म्हणाल तर चष्म्याची लागते तशी. चष्म्यानं डोळे बिघडले असं कुणी म्हणत नाही.

राशीच्या धुळीबद्दल मी वाचायला लागले ते त्या आजारपणानंतर. आणि वाचता वाचता बार्सिलोनाला पोहोचले. स्पेनमधलं हे बंदर. १९८१ ते १९८७ या काळात तिथं मधूनच एखाद्या दिवशी दम्याचे रुग्ण एकदम लोंढ्यानं दवाखान्यात यायचे, काही दगावायचे, आणि दुसऱ्या दिवशी सगळं शांत. असे २६ दिवस नोंदले गेले. डॉक्टर चक्रावून गेले. शहरातली हवा तपासली, कारखाने तपासले, काही सापडेना. शेवटी रुग्ण कुठल्या भागातून आले ते नकाशावर मांडलं तर ठिपके बंदराभोवती दाटलेले. बंदराच्या नोंदी आणि ते दिवस ताडून पाहिले, तर त्या दिवसांत जहाजातून सोयाबीन उतरत होतं. दाण्याच्या टरफलाच्या धुळीत असलेली प्रथिनं वाऱ्यावर शहरात पसरत होती. एका कोठाराच्या माथ्यावर धूळ अडवणारी गाळणीच बसवलेली नव्हती. ती बसवली आणि त्या लाटा थांबल्या.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि खाली रस्त्यावरून सोयाबीनची पोती भरलेले ट्रक आडत बाजाराकडं चालले होते. ज्या पिकाच्या भावावर लातूरचा दिवाळसण ठरतो, त्याच्याबद्दल समुद्रापलीकडच्या एका गावानं हे १९८९ सालीच छापून ठेवलं होतं. आमच्या शिवारातली धूळ नुसत्या टरफलाची नसते, भिजलेल्या बनमीत बुरशीही असते, आणि पिकांवर वाढणाऱ्या अल्टरनेरियासारख्या बुरशीचे कण दमेकऱ्याला फार बाधतात. माझं २०१६ चं दुखणं त्या काळपट धुळीत होतं असं मला वाटतं. त्यानंतर जेमतेम महिन्याभरानं, २१ नोव्हेंबर २०१६ ला, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला वादळी पाऊस आला, वाऱ्यावरचे गवताचे परागकण फुटून बारीक झाले आणि हजारो माणसं गुदमरून दवाखान्यात गेली, दहा जण दगावली. त्यातल्या कित्येकांना आपल्याला दमा आहे हे ठाऊकच नव्हतं. चरकसंहितेत ढगाचं नाव उगीच आलेलं नाही.

आडतीवर पाठीवर पोतं घेऊन दिवसभर त्याच धुळीतून ये-जा करणाऱ्या हमालाच्या छातीला कोण नळी लावतं, हा प्रश्न मला झोपू देत नाही. बार्सिलोनाला एक गाळणी पुरली. आमच्याकडं चाळण्यांवर आणि मशीनवर धूळ ओढून घेणारी सोय व्हायला हवी, आणि होईपर्यंत निदान चांगला मास्क तरी. ओढणी आणि उपरणं मोठी धूळ अडवतं, बारीक धूळ आरपार जाते. हे मी अंगावर काढून शिकलेय.

आता माझं रोजचं म्हणाल तर फार काही नाही. सकाळी दात घासायच्या आधी दोन झोत, मग चूळ भरायची, नाहीतर औषधानं तोंडात बुरशी धरते. रात्री पुन्हा. आठवड्यातून दोनदा नळीत फुंकून वहीत आकडा लिहायचा. माझा सगळ्यात चांगला आकडा ४००. ३२० च्या खाली गेला की सावध व्हायचं, २०० च्या खाली गेला की थेट दवाखाना, हे डॉक्टरांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलंय. वाकळा दर पंधरा दिवसांनी कडक उन्हात. माहेरी आता गॅस आहे, तरी अंघोळीच्या पाण्याला तुऱ्हाट्या पेटवतात, तेव्हा मी माळवदावर जाऊन बसते. रोज अर्धा तास चालते. वहीत गेल्या तीन वर्षांत आकडा २०० च्या खाली गेलेला नाही.

गेल्या येळवसीला सगळे शेतात जमलो होतो. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, भज्जी, उंडे, आंबील झालं. संध्याकाळी पोरांनी हेंडगा, म्हणजे गवताची मशाल, पेटवला आणि हरभऱ्याच्या कडेनं पळायला लागली. मी वाऱ्याच्या उलट अंगाला बांधावर बसले होते. पोरं परत आली तेव्हा शेजारच्या शेतातला आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला आणि खोकायला लागला. कोरडा, एकामागं एक. खोकला थांबल्यावर श्वास सोडताना बारीक शीळ ऐकू आली. ती शीळ मी झोपेतही ओळखेन.

“रात्रीचा खोकतो का हो?” मी त्याच्या आईला विचारलं.

“पहाटं. थंडी हाय ना. दिवसा चांगला राहतो की, खेळतो, पळतो.” मग तिनं माझ्या पिशवीकडं बघितलं. माझं सगळ्या गावाला माहीत आहे. “पंप नको बरं का बाई. लेकरू लहान हाय.”

मी पिशवीतून ती बाटली काढली. अर्ध्या लिटरची, बुडाला तापलेल्या तारेनं पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलेली. माझ्या डॉक्टरांनी शिकवलेली. पंप बुडात बसवायचा, तोंडाकडून श्वास घ्यायचा, औषध घशावर आपटत नाही, नीट आत जातं. पंपाला जोडायची अशीच नळी दुकानात महाग मिळते, तिला स्पेसर म्हणतात; तिच्याइतकंच काम ही बाटली करते, हे केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ साली लेकरांवर तपासून दाखवलंय. पंप मी पिशवीतच ठेवला. औषध डॉक्टरांनी बघून द्यायचं असतं. नुसती बाटली पोराच्या हातात दिली.

“सोमवारी मी लातूरला चाललेय,” मी त्याच्या आईला म्हणाले. “तुम्ही दोघं चला. फुंकायची एक नळी असती तिथं, नुसतं फुंकायचं.”

ती काही बोलली नाही. पोरानं बाटली तोंडाला लावली, बुडाच्या भोकातून श्वास ओढून बघितला, मग सोडला. दोन-तीनदा तसंच केलं. मग त्यानं बाटली कानाला लावली आणि आईकडं बघत म्हणाला, “आई, ह्यात माझाच आवाज यायलाय.”

“आण इकडं,” ती म्हणाली, आणि त्याच्या हातातून बाटली घेऊन तिनंही कानाला लावली.